आजीच्या ओव्या

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीच संत पौल एका आजीचे नाव घेतो. ती लोईस. तीमथ्याची श्रद्धा आधी या आजीच्या आणि मग आईच्या ठायी वसत होती, असे तो आवर्जून नमूद करतो. मूळ ग्रीक नव्या करारात ‘आजी’ हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी आढळतो. लोईसने नातवाला काय शिकवले, कसे शिकवले, याविषयी मात्र पौल काहीच लिहीत नाही. ती रिकामी जागा आपण आपापल्या आजीला आठवून भरायची.

माझी आजी वसईतली. लाल लुगडे नेसणारी, केळीच्या वाडीत दिवसभर राबणारी शेतकरीण. तिला अक्षरओळख नव्हती. परंतु तिच्या हाताला आणि जिभेला देवाने निर्मितीचे दान दिले होते. नाताळच्या आधी ती नाचणी रुजत घाली आणि त्या हिरव्यागार कोंबांत बाळ येशूचा गोठा उभा करी. झावळ्यांच्या रविवारी घरी आणलेल्या झावळीचे इवलेसे क्रूस विणून ती शेजारच्या घरांत वाटी. पहाटे जात्यावर बसली की ओव्या रची.

तिच्या ओवीतली मरिया रहाटाच्या विहिरीवर पाणी भरायला जाई. हेरोदाचे शिपाई मागे लागताच बाळाला पदराखाली घेऊन ती केळीच्या वाडीत लपे. योसेफ संध्याकाळी दमून घरी येई, तेव्हा चुलीवर भाकरी भाजली जात असे. नाझरेथ आणि आमचे गाव यांच्यामध्ये समुद्र आहे, हे आजीच्या ओव्यांना ठाऊकच नव्हते.

त्या काळी मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. बायका रोजरीचे मणी ओढीत बसत. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि मातृभाषेला वेदीचे दार उघडले. पुढे आमच्या चर्चमध्ये पहिली मराठी मिस्सा झाली, तेव्हा सर्वांना नवल वाटले. आजीला तेवढे वाटले नाही, असे वडील सांगत. ती देवाशी आयुष्यभर मराठीतच बोलत आली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीछंदात रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. आजीने तो ग्रंथ कधी पाहिला नव्हता. पण तीच वाट तिला जात्यापाशी सापडली होती. सुवार्ता संस्कृतीत कशी रुजावी, यावर सेमिनरीत आम्ही पुष्कळ चर्चा केल्या. त्या ऐकताना मला पहाटेची ती घरघर आठवे.

सेमिनरीत निघालो, त्या दिवशी तिने मला एक गोधडी दिली. जुन्या लुगड्यांच्या त्या लाल गोधडीत मधोमध फिकट पांढरा चौकोन होता. त्याच्याभोवती धावदोऱ्याच्या तीन ओळी होत्या. मी विचारले, “आजी, हे कापड कुणाचे गं?”

“तुझ्या मोठ्या काकाचं,” ती म्हणाली. “आठ महिन्यांचा होता. तापात गेला.”

मोठ्या काकाविषयी घरात कुणी बोलत नसे. मात्र प्रायश्चित्तकाळात क्रुसाखाली उभ्या असलेल्या मरियेची ओवी गाताना आजीचे जाते मंद होई, ते का, हे मला त्या दिवशी उमगले. धर्मगुरू म्हणून मी अनेक शोकाकुल घरांत गेलो आहे. तिथे शब्द सुचेनासे झाले की तो पांढरा चौकोन डोळ्यांपुढे येतो. मग मी बोलत नाही, नुसता त्या आईजवळ बसतो.

गावात पिठाची गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्याही थांबल्या. आज माझ्या आत्याला त्यांतल्या सात-आठच आठवतात, त्याही अर्ध्यामुर्ध्या. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी राखून ठेवला. त्या रविवारी आपण त्यांना फुले देतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर त्यांच्यापाशी तासभर बसावे, त्यांची गाणी त्यांच्याच बोलीत वहीत उतरवावीत, जमल्यास मोबाईलवर आवाजही जपावा. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांत अजून एखादी लोईस खाटेवर बसून आहे. तिला विचारणारे कुणीतरी हवे.