१४० यार्ड आणि काका

येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर आमचे कॅडीकाका नुसतं बघून सांगतात, ‘मॅडम, १४०.’ तरी मी लेझर रेंजफाइंडर घ्यायला निघालेच! बघायच्या गोष्टी तीन : मॅग्निफिकेशन सहापट हवं, मागचं झाड सोडून झेंडाच पकडला की यंत्र थरथरायला हवं आणि चढ-उताराचा हिशेब करणारा ‘स्लोप’ बंद करता यायला हवा. कारण २०१९ पासून नियमांत अंतर मोजायला सरसकट परवानगी आहे (समितीने मनाई केली नसेल तर), चढ मोजायला नाही.

फ्रीलान्सरच्या खिशाला चांगलाच चटका बसला. पहिल्याच दिवशी काका म्हणाले १४०, यंत्र म्हणालं १४२. काका हसले, पण जरा कसनुसं. मला एकदम कसंतरीच झालं. मग यंत्र त्यांच्याच हातात दिलं. आता आकडा तेच वाचतात आणि वारा बघून क्लबही तेच काढून देतात.