समुद्र, दमण आणि एक रिकामी जागा



वडोदऱ्याहून समुद्र जवळ आहे म्हणावं तर जवळ नाही, लांब आहे म्हणावं तर लांब नाही. नकाशात बघितलं तर सगळ्यात जवळचं खारं पाणी खंबातच्या आखातातलं. पण तिथे पोचल्यावर मुलांच्या चित्रातला समुद्र सापडत नाही. खंबात हे एके काळचं मोठं बंदर, पुढे ते गाळाने भरलं. आज तिथे उभं राहिलं की बहुतेक वेळा चिखलाचं पटांगण दिसतं आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी पाणी असावं असा विश्वास ठेवावा लागतो. विश्वास चांगला, पण संडे स्कूलच्या मुलांना पाणी हवं असतं.

म्हणून मंडळीची एक दिवसाची सहल ठरवायची वेळ आली की आपण सगळे दक्षिणेकडे बघतो. वलसाडजवळचं तिथल, नवसारीजवळचं दांडी आणि वापीला उतरून दमण. आम्ही सहल समितीचे पाच जण डिसेंबरात पहिल्यांदा बसलो, तेव्हा कागदावर ही तीनच नावं होती आणि खरं सांगायचं तर त्यातल्या एकावरच सगळ्यांची नजर होती.

दमणच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, ते आधी सांगतो. वडोदऱ्याहून वापी रेल्वेने सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आणि तिथून दमण बारा-तेरा किलोमीटर. पहाटे निघालं तर रात्री घरी परत येता येतं. दमणगंगेच्या एका काठाला मोटी दमण, दुसऱ्या काठाला नानी दमण, आणि दोन्हीकडे किल्ले. पोर्तुगीजांनी १५५९ साली हे बंदर घेतलं आणि डिसेंबर १९६१ पर्यंत ते सोडलं नाही. मोटी दमणच्या किल्ल्यात बॉम जेझूस चर्च आहे, १६०३ साली पुरं झालेलं. आतली वेदी लाकडी कोरीवकामाची, सोन्याचा मुलामा दिलेली. आपण साध्या भिंती आणि एक क्रूस यात उपासना करणारी माणसं, पण तिथे उभं राहिल्यावर मान आपोआप वर जाते. आपल्यातल्या वसईकडच्या घरांना तर दमण परकं वाटायचं कारणच नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, दमण मात्र पोर्तुगीजांकडेच राहिलं. एकाच किनाऱ्यावरच्या दोन ख्रिस्ती वस्त्यांचे रस्ते तिथे वेगळे झाले. हे सगळं मुलांना जागेवर दाखवण्यासारखं आहे.

पण गुजरातेत राहणाऱ्याला दमण म्हटलं की आधी काय आठवतं, ते तुम्हाला सांगायला नको. इथे दारूबंदी, तिथे नाही. "दमणला चाललोय" असं कोणी ऑफिसात सांगितलं तर समोरचा चर्चबद्दल विचारत नाही, डोळा मिचकावतो. आम्ही सहलीची नुसती कुजबुज सुरू केली तर दोन भाऊ हसत हसत म्हणाले, "मग बॅगा मोठ्या आणू ना?" थट्टाच होती ती. आम्हीही हसलो.

त्याच आठवड्यात बुधवारच्या प्रार्थनेनंतर एक ताई चपला घालता घालता थांबल्या. त्यांनी विचारलं, "सहलीचं ठरलं का?" दमणचं चाललंय म्हटल्यावर म्हणाल्या, "पोरांना पाठवीन मी. आम्ही दोघं नाही येणार." कारण विचारायची गरज नव्हती. त्यांच्या यजमानांनी दीड वर्षापूर्वी दारू सोडली आहे. सोडली म्हणजे काय, हे त्या घराला माहीत आणि पाळकसाहेबांना माहीत. थोडंफार आम्हालाही माहीत, कारण सुरुवातीचे काही महिने आमच्यापैकी एक जण रोज संध्याकाळी सहा ते आठ त्यांच्याकडे नुसता गप्पा मारायला जाऊन बसायचा. सहा ते आठ ही वेळ त्यांनीच सांगितली होती.

(हे लिहायला त्या भावांची परवानगी आहे. नाव लिहू नका, बाकी काय ते लिहा, असं ते म्हणाले.)

पुढच्या बैठकीत हा विषय निघाला आणि बैठक लांबली. एकाचं म्हणणं असं की, पन्नास माणसांची सहल एका माणसासाठी का फिरवायची? आणि हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. दारूची दुकानं जगात सगळीकडे आहेत, त्यांना कधीतरी त्यांच्यासमोरून चालावंच लागणार, मंडळी किती दिवस रस्ते झाडत पुढे चालणार? दुसऱ्याने उत्तर दिलं, "दुकानासमोरून एकट्याने जाणं वेगळं आणि आपल्याच माणसांनी गाडीत बसवून तिथे नेणं वेगळं." मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

पाळकसाहेबांनी रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय काढायला सांगितला. तिथे प्रश्न दारूचा नंतर येतो, आधी जेवणाचा आहे. काहींना सगळं खायला चालतं, काहींना चालत नाही, आणि पौल स्वतः पहिल्या गटातला आहे. त्याच्या मते अन्नात दोष नाही. तरीही तो म्हणतो की, माझ्या खाण्याने भावाचा पाय घसरत असेल तर मी माझा हक्क बाजूला ठेवीन. आम्ही हा अध्याय कितीदा वाचला असेल. पण ज्याच्यासाठी हक्क सोडायचा तो माणूस दर रविवारी आपल्या पुढच्या बाकावर बसतो, हे डोळ्यासमोर ठेवून तो कधी वाचला नव्हता.

निर्णय झाला, पण त्याच्यामागे लगेच दुसरी अडचण उभी राहिली. जागा बदलली हे सांगायचं कसं? कारण जाहीर केलं तर ज्यांना जपायचं त्यांनाच सगळ्यांसमोर उभं केल्यासारखं. त्यापेक्षा ते घरी बसले असते तर बरं. खोटं तर सांगायचं नव्हतं. तेव्हा आम्ही असं ठरवलं की, दांडीला जाण्याची खरी कारणं शोधायची आणि तेवढीच सांगायची. ती शोधायला लागलो तर इतकी सापडली की, आधी हे नाव मागे का पडलं होतं याचंच नवल वाटलं.

पहिलं कारण अंतर. नवसारी वडोदऱ्याहून रेल्वेने एकशे साठ किलोमीटरही नाही आणि तिथून दांडी पंधरा-वीस किलोमीटर. भाडं कमी, म्हातारी माणसं कमी दमणार, आणि बसपेक्षा रेल्वे बरी, कारण डब्यात शौचालय असतं. हे कारण महिला मंडळाने एका मिनिटात मंजूर केलं. शिवाय नवसारी म्हणजे जुन्या बडोदा संस्थानचाच मुलूख, आपल्या घरातलीच जागा.

दुसरं कारण भरतीचं. यावर जरा थांबतो, कारण समुद्राची सहल ठरवताना लोक गाडीची वेळ दहादा बघतात आणि पाण्याची वेळ एकदाही बघत नाहीत. आपल्या या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक देशातल्या सगळ्यात मोठ्या फरकांपैकी आहे. जंबुसरकडच्या कावी-कंबोईचं महादेवाचं देऊळ भरतीच्या वेळी पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा उघडं पडतं, यावरून अंदाज करा. चुकीच्या वेळी पोचलात तर समुद्र क्षितिजाशी जाऊन बसलेला असतो आणि तुमच्या वाट्याला ओला गाळ येतो. आमच्यातले एक आजोबा मूळचे कोकणातले. त्यांनी हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करा, भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशेब कोकणातला. आखाताकडे वर येताना पाण्याला आणखी उशीर होतो, म्हणून त्यात भर घालावी लागते, आणि शेवटी छापील कोष्टक बघावंच लागतं. पण मोटामोटी लक्षात ठेवा: अष्टमीच्या आसपास दुपारी पाणी मागे गेलेलं असतं, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दुपारी पाणी भरलेलं असतं. मात्र तेव्हा उधाण असतं, ओढ जोरात असते आणि पाणी आत येतं ते चालत्या माणसाला मागे टाकून येतं. आम्ही पौर्णिमेनंतरचा शनिवार धरला आणि नियम केला की, घोट्यापर्यंतच पाण्यात जायचं, तेही हात धरून. तरुण संघाला तो आवडला नाही. नियम तसाच राहिला.

तिसरं कारण दांडीचं स्वतःचं. १२ मार्च १९३० ला गांधीजी साबरमतीहून निघाले, चोवीस दिवस चालले आणि ६ एप्रिलला सकाळी दांडीच्या किनाऱ्यावरून त्यांनी मीठ उचललं. हे शाळेत सगळे शिकतात. त्यांच्याबरोबर साबरमतीहून जे अठ्ठ्याहत्तर जण निघाले, त्यांत केरळचे टायटस नावाचे एक ख्रिस्ती तरुण होते, तेवर्तुंडियिल टायटस, हे मात्र आपल्या मुलांना कोणी सांगितलेलं नसतं. ते आश्रमाच्या दुधाचं काम बघायचे. गायी सांभाळणारा, विशीतला, घरापासून इतका लांब आलेला मुलगा. त्या चालणाऱ्यांत आपला एक जण होता, हे आम्ही संडे स्कूलमध्ये सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, "त्याच्या पायाला फोड आले असतील ना?" आले असणार. इतकं चालल्यावर कोणाच्या पायाला येत नाहीत?

रविवारी ही तीन कारणं सांगून जागा जाहीर केली. कुरकूर झाली. दमणचं चर्च बघायचं राहिलं म्हणून काहींना खरंच वाईट वाटलं, त्यांची तक्रार रास्त होती. "दांडीत बघायचं काय?" असंही कोणी म्हणालं. पैशांचं आम्ही नेहमीप्रमाणेच केलं: दरवाजाशी पेटी, प्रत्येक घराला एकसारखं बंद पाकीट, ज्याला जमेल तितकं त्याने घालावं, पाकिटावर नाव नको. दर माणशी रक्कम सांगितली की सगळ्यात आधी कोणाची नावं गळतात, ते आम्हाला आधीच्या सहलींवरून ठाऊक आहे. जमलेल्या पैशांत भागलं, थोडे उरलेही. सेहेचाळीस नावं आली. त्यांत त्या ताईंच्या घरची चार होती.

प्रत्यक्ष सहलीबद्दल फार लिहीत नाही, आलेल्यांना माहीत आहे. भरूचला नर्मदा आली तेव्हा अर्धा डबा खिडक्यांशी होता. थेपले सुरतेच्या आधीच संपले. नवसारीहून दोन गाड्या करून आम्ही आधी मीठ सत्याग्रहाच्या स्मारकात गेलो. ते ३० जानेवारी २०१९ ला खुलं झालं. गांधीजी आणि त्यांच्यामागून चालणारी माणसं तिथे पुतळ्यांच्या रूपात उभी आहेत. मुलांनी पुतळे मोजायला घेतले आणि प्रत्येकाची मोजणी वेगळी आली. मग टायटस यातले कोणते, यावर भांडण. प्रत्येकाने आपापला निवडला.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पाणी वर आलेलं होतं. रंग निळा नव्हता, चहासारखा होता, पण लाटा होत्या, आवाज होता. वाळूवर बसून प्रेषितांची कृत्ये, अध्याय एकविसावा, सुरुवातीची वचनं वाचली. पौल सोर शहरात सात दिवस राहतो आणि निघायच्या वेळी तिथली सगळी मंडळी, बायकामुलांसकट, त्याला गावाबाहेर पोचवायला येते. सगळे समुद्रकिनारी गुडघे टेकतात, प्रार्थना करतात, निरोप घेतात. पौल तारवात चढतो आणि लोक घरी परततात. शिष्यांची मुलंही तिथे होती, हे लूक आवर्जून लिहितो. आमच्यातल्या ज्यांचे गुडघे वाकतात त्यांनी ते टेकले, बाकीच्यांनी खुर्च्यांवर बसून डोळे मिटले. वाळू ओली निघाली, कपड्यांचं काय झालं ते सांगत नाही.

परतीच्या गाडीत सुरतेनंतर मुलं झोपली. ते भाऊ दारापाशी उभे होते. आमच्यातला तो सहा ते आठवाला त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "दमण माझ्यामुळे रद्द झालं, मला माहीत होतं." आमचा माणूस गप्प. काय बोलणार? मग तेच म्हणाले, "सुरुवातीला राग आला होता. म्हटलं, माझ्यावर एवढाही भरवसा नाही. मी घरी म्हटलंसुद्धा, जाऊ नको आपण. पण पाकीट आलं आणि त्यावर कोणाचंच नाव नव्हतं, मग बसलो विचार करत." पुढे बराच वेळ ते भरतीबद्दलच बोलत राहिले. आजोबांचा पाऊणपटीचा हिशेब त्यांनी पाठ केला होता आणि त्यात आणखी किती मिळवायचं हे त्यांना पक्कं करून घ्यायचं होतं.

पुढच्या सहलीची बैठक पावसाळ्यानंतर आहे. तिथलचं नाव पुढे आलं आहे. कोणी तरी पुन्हा दमणही लिहिलं आहे, अक्षर त्याच भावांचं, आणि पुढे कंसात लिहिलंय, "अजून दोन वर्षांनी". भरतीचं कोष्टक बघायचं काम या वेळी त्यांनी मागून घेतलं आहे. ज्यांना तिथी लक्षात राहत नाही त्यांनी तारखा सुचवण्याआधी त्यांना फोन करावा.