कवडसा

बडनेऱ्याहून अकोल्याकडं निघालेली सकाळची गाडी. मूर्तिजापूर येईपर्यंत कानात कोमोरेबी. दिल्लीची गायिका-संगीतकार तराना मारवाह हिनं घेतलेलं हे नाव. जपानीत अर्थ, पानांतून झिरपणारं ऊन. म्हणजे आपला कवडसाच की! तिचा २०१७चा 'सोलिलक्वी' ऐकताना मेळघाटातला साग आठवतो. सिंथचे थरावर थर, मधूनच आवाजाची तिरीप.

काटेपूर्णा मागं पडलं तसं पोर्टिसहेड लावलं. ब्रिस्टलचा बँड, १९९४चा 'डमी' हा अल्बम. त्यांची गायिका बेथ गिबन्स, तिचा आवाज कवडसा नाही. वैशाखात भेगाळलेली काळी माती आहे. मागं जुन्या तबकडीची खरखर, पुढं एकटा गळा.

तराना यंत्राच्या सुरात स्वतःला विरघळू देते. बेथ त्याच्या शेजारी काहीही न पांघरता उभी राहते. आज मला बेथ जवळची वाटली. का, ते बोरगावला उमगलं. पहाटेच्या अंधारात आजीचं जातं असंच घरघरायचं, अन् त्यावर तिची ओवी. यंत्र दगडाचं, दुःख तिचं.

अकोला आलं. हेडफोन काढला, तरी घरघर थांबेना.