आमच्या घरचे निनावी पिस्तूल

बऱ्हाणपुरातील जुन्या मराठी घरांत दोन गोष्टी सहसा आढळतात: मोडी कागदांचे एखादे दप्तर आणि पूर्वजांच्या पराक्रमाची एखादी आख्यायिका. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर हे शहर आणि शेजारचा अशीरगड मराठ्यांकडे आला. तेव्हा अशा कथांना येथे तोटा नसावा, हे ओघानेच आले. दप्तर वाचू शकणारे आता थोडे राहिले. आख्यायिका मात्र सर्वांना पाठ असते. आमच्या घरची आख्यायिका एका पिस्तुलाची होती.

वस्तुतः ते रिव्हॉल्वर. पण घरात सारे त्याला पिस्तूलच म्हणत. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेस आले व निमाडातून पुढे गेले, हा इतिहास. त्यांच्या एका शिपायाने जाताना हे शस्त्र आमच्या खापरपणजोबांच्या हाती दिले, ही आमच्या घराण्याची पुस्ती. दर खंडेनवमीस तलवारीशेजारी त्याची पूजा होई आणि आदल्या दिवशी आजी ते विटकरीच्या पुडीने लखलखीत घाशीत असे.

वडील वारले तेव्हा या पिस्तुलाचा प्रश्न उभा राहिला. परवाना त्यांच्या नावाचा होता. म्हणून शस्त्र ठाण्यात रीतसर जमा केले. शंभर वर्षांपूर्वीच्या शस्त्राला परवाना लागत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कालबाह्य घडणीच्या शस्त्रांना सूट आहे खरी. परंतु दुरुस्ती करूनही ते चालण्याजोगे नसेल तरच. त्यातून आमच्या शस्त्रावर ना कारखान्याचे नाव, ना क्रमांक! ओळखचिन्ह नसलेले अग्निशस्त्र विकण्यास वा हस्तांतरित करण्यास हाच कायदा मनाई करतो. आमच्या जिल्ह्यात तर गावठी पिस्तुलांच्या बातम्या वरचेवर येतात. तेव्हा निनावी शस्त्राकडे प्रथम संशयानेच पाहिले जाणार. ते कोठले आणि केव्हाचे, हे ठरवणे भागच होते.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध परवानाधारक कारागिराने पोलिसांसमक्ष त्याची परीक्षा केली. चक्र रिकामे असल्याची खात्री करून घेतल्यावर ते म्हणाले, “नाव नसले तरी घडण बोलते.” आणि खरोखरच ती बोलू लागली. सत्तावनच्या सुमारास प्रचलित असलेल्या कोल्ट वा अॅडम्सच्या रिव्हॉल्वरांत दारू व गोळी चक्राच्या पुढच्या बाजूने भरीत आणि मागे प्रत्येक घराच्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवीत. आमच्या पिस्तुलाला बोंड्याच नव्हत्या. चक्राची पाचही घरे आरपार होती आणि घोड्याची टोच काडतुसाच्या बरोबर मध्यावर पडेल अशी रचना होती. अशा काडतुसांची रिव्हॉल्वरे १८६० नंतरच्या दशकात प्रचारात आली. आखूड नळीची ही ठेंगणी घडण वेब्ली कंपनीच्या १८७२ मधील ‘बुलडॉग’ नमुन्याची. त्याच्या नकला बेल्जममध्ये विपुल झाल्या.

शेवटी त्यांनी चक्र बाहेर काढले. त्याच्या मागील तोंडाशी, जेथे विटकरीची पूड पोहोचली नव्हती, तेथे भिंगातून एक पुसट लंबवर्तुळ दिसले. आत ई, एल, जी ही अक्षरे आणि खाली तारा. ही बेल्जममधील लिएज येथील परीक्षागृहाची खूण. ती कारागिराचे नाव सांगत नाही. शस्त्र कसोटीस उतरले एवढेच सांगते. १८९३ पासून या खुणेवर मुकुट येऊ लागला. येथे तो नव्हता. म्हणजे जन्म १८७२ ते १८९३ यांच्या दरम्यानचा. नळीवर कधीकाळी आणखी काही कोरलेले असलेच, तर ते वर्षानुवर्षांच्या पूजेने पुसून गेले होते!

हे आत्यांना सांगणे कठीण होते. त्यांनी नव्वदी गाठलेली; ही कथा त्यांनीच आम्हां भावंडांना सांगितलेली.

“म्हणजे तात्यांच्या शिपायाचे नव्हे?”

“नाही, आत्या. तात्यांना १८५९ मध्ये फाशी झाली. हे त्यानंतरचे.”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग आमच्या आजोबांनी ते घेतले तरी कशाला?”

हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही सुचला नव्हता. त्यासाठी दप्तर सोडले आणि मोडी जाणणाऱ्या एका शिक्षकांकडून वह्या वाचून घेतल्या. १८७० मध्ये मुंबई-जबलपूर लोहमार्ग पुरा झाल्यावर निमाडचा कापूस मुंबईस जाणे सोपे झाले. पणजोबा हंगामात रोकड घेऊन बैलगाडीने रानातल्या गावांतून कापूस खरेदी करीत. किती रात्री कोठे मुक्काम केला, गाडीवानास काय दिले, सारे नोंदलेले आहे. कथेत त्यांना काही कामच नव्हते. वहीत ते प्रथमच भेटले. आत्या एवढेच म्हणाल्या, “एकटे जात होते, म्हणून घेतले असेल.”

परवान्याचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. तो आमच्या बाजूने लागेल वा न लागेल. परंतु वाचकांपैकी कोणाच्या घरी असे शस्त्र असेल, तर त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: ते घासू नका, स्वतः उघडू नका, परवान्याची चौकशी वडीलधारे हयात असतानाच करा. आणि शस्त्राबरोबर त्याच घरातल्या जमाखर्चाच्या वह्याही वाचून घ्या.