पॅरोलवरचा कैदी

मिठू विरुद्ध पंजाब राज्य या १९८३च्या निकालपत्रात एक कल्पित उदाहरण आहे. जन्मठेपेचा कैदी पॅरोलवर घरी येतो. आपल्या माघारी शेजाऱ्याने बायकोशी संबंध जोडल्याचे त्याला दिसते. तो बाहेर पडतो, हत्यार मिळवतो, परत येऊन त्या शेजाऱ्याला मारतो. हा खूनच. पण भारतीय दंड संहितेच्या कलम ३०३प्रमाणे जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला की फाशी ठरलेली. ‘मला फाशी का देऊ नये’ एवढे सांगण्याचीही सोय नाही. हा न्याय कसा, असे निकालपत्र विचारते. पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते कलम रद्द केले.

लिहिणारे होते सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड. ते उदाहरण वाचताना मला नानावटी आठवतात. हा दुवा माझा, निकालपत्रातला नव्हे. १९५९मध्ये नौदलातल्या कावस नानावटींनी जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतले आणि पत्नीच्या प्रियकराच्या, प्रेम आहुजाच्या घरी जाऊन त्याला गोळ्या घातल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले. लोकांची सहानुभूतीही त्यांच्याच बाजूला. उच्च न्यायालयात सरकारी वकील म्हणून चंद्रचूड उभे राहिले. झटापटीत गोळ्या सुटल्या, हा बचाव. पण नुकत्याच आंघोळ केलेल्या आहुजाचा टॉवेल मृतदेहावर तसाच होता. झटापटीत तो सुटला कसा नाही? १९६०मध्ये नानावटींना जन्मठेप झाली. लोकभावनेपुढे पुरावा धरून उभे राहणे हे सरकारी वकिलाचे काम, आणि ते त्यांनी केले.

त्याआधी, १९४९ ते १९५२, ते मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजात अर्धवेळ प्राध्यापक होते. कायदा शिकवणाऱ्याला एक सवय लागते : कलम वाचून झाले की त्यात एक माणूस उभा करायचा आणि आता याचे काय होईल, असे वर्गाला विचारायचे. मिठूच्या निकालपत्रात मला तो वर्ग ऐकू येतो. एकेकाळी ज्या तऱ्हेच्या आरोपीला शिक्षा मागितली, तसाच माणूस आता न्यायाधीशाने उभा केला आहे, त्याचे म्हणणे ऐकले जावे म्हणून.

म्हणूनच २८ एप्रिल १९७६चा जबलपूर निकाल मला इतका बोचतो. आणीबाणीत स्थानबद्धाला हेबिअस कॉर्पससाठी न्यायालयात येता येईल का? चार न्यायाधीश नाही म्हणाले, चंद्रचूड त्यांतले एक. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मोडीत काढला आणि ते लिहिणारे न्यायमूर्ती चंद्रचूडांचे चिरंजीव होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या बापलेकाच्या गोष्टीत मी फारशी रमत नाही. मला छळते ते वडिलांच्या निकालपत्रातले एक वाक्य. स्थानबद्धांना उपाशी ठेवतील, गोळीही घालतील, अशी भीती वकिलांनी घातली होती. चंद्रचूडांनी लिहिले की स्वतंत्र भारतात असे घडलेले नाही, आणि घडणार नाही अशी हिऱ्यासारखी लखलखीत, हिऱ्यासारखी कठीण आशा आपल्याला आहे. टॉवेलवरून प्रश्न विचारणाऱ्या माणसाने इथे आशेवर भागवले. या निकालपत्रात त्यांना एक माणूस उभा करायला हवा होता.

तसा माणूस होता. १ मार्च १९७६ रोजी कालिकतच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला राजन नावाचा विद्यार्थी पोलिसांनी उचलला. कक्कयमच्या पोलीस छावणीत त्याचा छळ होऊन मृत्यू झाला. त्याच्या वडिलांना केरळ उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा अर्ज करता आला, तो आणीबाणी उठल्यावर, मार्च १९७७मध्ये.