दोन दरवाजे

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

आमच्या इतिहास विभागात एक प्रघात आहे. चौदा एप्रिल जवळ आला की दोघातिघांना छोटे निबंध वाचायला सांगतात. गेल्या वर्षी माझ्या वाट्याला विषय आला तो 'बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात'. विषय ऐकून मी मनातून खूश झालो. म्हटले, हे तर पाठच आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, १९१५ साली एम. ए. झाले, १९१६ साली तिथून लंडनला गेले. दीड पानात काम आटोपेल आणि टाळ्याही पडतील! सरांनी मात्र एकच प्रश्न विचारून माझा तो आनंद घालवला.

"ते राहात कुठे होते रे?"

मला सांगता येईना. शोधायला लागलो. तेव्हा कळले की न्यूयॉर्कला उतरल्यावर बाबासाहेब प्रथम विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तिथले जेवण मानवेना म्हणून लवकरच ते सोडले आणि पुढे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहू लागले. वास्तविक माझे काम इथेच संपले होते. पण हार्टली हॉल हे नाव डोक्यात राहिले, आणि त्या एका इमारतीचा माग काढता काढता मी भलतीकडेच जाऊन पोहोचलो. त्या भलतीकडची ही हकीकत आहे.

१९२१ साली लँग्स्टन ह्यूज नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा याच हार्टली हॉलच्या दारात उभा होता. पुढे तो अमेरिकेचा मोठा कवी झाला, पण त्या दिवशी तो नुसता प्रवेश मिळालेला विद्यार्थी होता. खोली त्याने पत्राने आधीच राखून ठेवली होती. पत्राला रंग नसतो. मुलगा प्रत्यक्ष समोर आल्यावर मात्र खोलीबद्दल का-कू सुरू झाली. अखेरीस खोली मिळाली, पण ह्यूज वर्षभरातच विद्यापीठ सोडून गेला. १९२४ साली तर फर्नाल्ड हॉलमध्ये फ्रेडरिक वेल्स हा कृष्णवर्णीय कायद्याचा विद्यार्थी राहायला आला म्हणून विद्यापीठाच्या आवारात क्रूस पेटवण्यात आला. क्रूस पेटवणे ही तिकडे कू क्लक्स क्लानची धमकी असते, हे वाचकांना ठाऊक असेलच.

मी चक्रावलो. ज्या विद्यापीठात बाबासाहेबांना आयुष्यात प्रथम बरोबरीची वागणूक मिळाली असे आपण अभिमानाने सांगतो, तेच हे विद्यापीठ! मग उलगडले, की अमेरिकेला महार म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. तिच्या अस्पृश्यांचा रंग ठरलेला होता, आणि तो लांबूनच ओळखू येई. जे दार परदेशातून आलेल्या एकाला उघडले, ते तिथल्याच मातीत जन्मलेल्या दुसऱ्याच्या तोंडावर अडखळले.

आता १९६८ साल. कोलंबिया विद्यापीठ उंचवट्यावर आहे आणि पायथ्याशी हार्लेम ही काळ्यांची मोठी वस्ती. दोहोंच्या मध्ये मॉर्निंगसाइड पार्क ही शहराची सार्वजनिक बाग. त्या बागेच्या उतारावर विद्यापीठाने व्यायामशाळा बांधायला घेतली. जागा लोकांची, म्हणून लोकांनाही त्यात थोडा वाटा देऊ केला. इमारतीला दरवाजे दोन : वरचा विद्यार्थ्यांसाठी, खालचा हार्लेमच्या लोकांसाठी. व्यायामशाळेलाही जिम म्हणतात आणि दक्षिणेतल्या वर्णभेदाच्या कायद्यांनाही 'जिम क्रो' म्हणत. लोकांनी त्या इमारतीला 'जिम क्रो' हेच नाव ठेवले.

४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. २३ एप्रिलला विद्यार्थी बांधकामावर चालून गेले. तिथून परतून त्यांनी हॅमिल्टन हॉल ही वर्गांची इमारत ताब्यात घेतली. ही इमारत हार्टली हॉलच्या अगदी शेजारची. सुरुवातीला गोरे आणि काळे विद्यार्थी एकत्र होते. पहाटे काळ्या विद्यार्थ्यांनी गोऱ्या सोबत्यांना सांगितले, तुम्ही दुसरी इमारत घ्या, ही आम्ही सांभाळतो. 'स्टुडंट्स आफ्रो-अमेरिकन सोसायटी' ही त्यांची संघटना. सिसेरो विल्सन, रे ब्राउन, बिल सेल्स ही त्यांच्या पुढाऱ्यांची नावे. इमारतीला त्यांनी माल्कम एक्सचे नाव दिले.

पुढचे वाचताना मला खरे नवल वाटले. मला वाटत होते, आता घोषणा आणि मोडतोड होणार. इथे तर मुलांनी कामे वाटून घेतली. इमारत स्वच्छ ठेवली. अडकवून ठेवलेल्या डीनला दुसऱ्या दिवशी सोडून दिले. हार्लेममधून लोक जेवण घेऊन येत, ते नीट वाटले जाई. ३० एप्रिलच्या पहाटे पोलीस आले, तेव्हा इतर इमारतींत लाठ्या चालल्या, डोकी फुटली. एकंदर सातशेच्या आसपास विद्यार्थी पकडले गेले. हॅमिल्टन हॉलमधले ८६ जण मात्र शांतपणे, रांगेने अटक करून घेऊन बाहेर पडले. आणि ती दोन दारांची व्यायामशाळा त्या बागेत कधीच उभी राहिली नाही.

इथवर वाचून मी वही मिटली. वही मिटण्याचे कारण न्यूयॉर्कमध्ये नव्हते. ते माझ्या तालुक्याच्या गावी, मी जिथे बारावी केली त्या कनिष्ठ महाविद्यालयात होते.

त्या कॉलेजात कचेरीच्या खिडक्या दोन होत्या. एक समोरच्या व्हरांड्यात. तिथे फी भरणाऱ्यांची रांग लागे. दुसरी मागल्या बाजूला, सायकल स्टँडजवळ, अर्ध्या पत्र्याखाली; तिथे 'स्कॉलरशिपवाले' उभे राहात. महाडीबीटीवर अर्ज भरला तरी त्याची छापील प्रत कॉलेजात द्यावीच लागते, आणि ती घ्यायला कारकून मनात येईल तेव्हा येत. आम्ही उन्हात उभे. समोरून जाणारी पोरे-पोरी बघत, आणि कोण कोणत्या रांगेत आहे हे साऱ्या वर्गाला वर्षभर पुरे. कुणी कुणाला जात विचारत नसे. विचारण्याची गरजच उरत नसे.

माझ्या एका मित्राने अर्ज लिहिला. मागणी साधीच होती : सर्वांना एकच खिडकी असावी. बावीस जण सही करायला तयार झाले, पण प्रत्येकाची एक अट : पहिली सही माझी हवी. मी वर्गात पहिला येत असे. माझे नाव वर असले तर बाकीच्यांना धीर येईल, असा त्यांचा हिशेब. मी 'उद्या करतो' म्हणालो. रात्रभर प्रॅक्टिकलचे मार्क आणि दाखला डोळ्यांपुढे नाचत राहिले. दुसऱ्या दिवशी मला ताप आला. म्हणजे आला असे मी आईला सांगितले.

मित्र एकटाच गेला. कारकुनाने अर्ज वाचला, हसून म्हणाला, "तुझं एकट्याचंच नाव आहे की रे यावर!" आणि परत दिला.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. चौदा एप्रिलच्या निबंधातही सांगितली नाही. हॅमिल्टन हॉलविषयी मात्र वाचले. टाळ्या पडल्या, आणि त्या मला बोचल्या.

हार्टली हॉलची गोष्ट अजून थोडी उरली आहे. १९७० साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी याच हार्टली हॉलमधली, नौदलाच्या प्रशिक्षणार्थींसाठी असलेली एक जागा ताब्यात घेतली. २००९ साली अमेरिकेचा पहिला कृष्णवर्णीय अटर्नी जनरल झालेला एरिक होल्डर हा त्या विद्यार्थ्यांपैकीच एक. तिथे माल्कम एक्स लाउंज झाले. ज्या इमारतीत ह्यूजच्या खोलीसाठी का-कू झाली, तिथेच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बसायला हक्काची खोली मिळाली. मध्ये जवळजवळ पन्नास वर्षे गेली. पुढे १९८५ साली, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार असलेल्या कंपन्यांतून विद्यापीठाने आपला पैसा काढावा म्हणून विद्यार्थी तीन आठवडे हॅमिल्टन हॉलच्या पायऱ्यांवर बसले आणि त्या इमारतीला मंडेलांचे नाव दिले. त्याच वर्षी विद्यापीठाने पैसा काढून घेण्याचा ठराव केला. मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या संस्थापकांपैकी पिक्स्ली सेमे हे १९०६ सालचे कोलंबियाचेच पदवीधर. एकाची पायरी दुसऱ्याला अशी उपयोगी पडते!

दिवाळीच्या सुटीत गावी गेलो तेव्हा मित्राच्या घरी गेलो. तो आता त्याच्या काकांच्या गॅरेजमध्ये काम करतो आणि बाहेरून बी. ए. करतो. मी सगळे सांगितले, तापाचेसुद्धा. तो हातातला पाना पुसत म्हणाला, "मला माहीत होतं रे." मी विचारले, मग एकटा कशाला गेलास? तो म्हणाला, "लिहिला होता ना अर्ज. तू आला असतास तर दोघं झालो असतो, एवढंच."

तो रागावला असता तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्या कॉलेजच्या मागल्या बाजूला जाऊन आलो. पत्रा तोच, खिडकी तीच. सुटी संपून कॉलेज उघडल्यावर मी दोन दिवस मुद्दाम थांबलो आणि रांगेतल्या मुलांशी बोललो. मी भाषण केले नाही. माझ्या तोंडी ते शोभलेही नसते. त्यांनी मजकूर सांगितला, मी सुवाच्य अक्षरात उतरवला. सही करायचा अधिकार आता मला नव्हता. पहिली सही कुणाची, यावर थोडा वेळ सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग अकरावीतल्या एका मुलीने पेन घेतले आणि कागदाच्या मधोमध सही केली. बाकीच्यांनी तिच्या भोवती गोल सह्या केल्या. पहिले कोण, हे वाचणाऱ्याला कळूच नये अशी ती युक्ती होती. आम्हा बावीस जणांना ती सुचली नव्हती.

अर्ज द्यायला ते सगळे मिळून समोरच्या खिडकीवर गेले. पोच मागून घेतली. आवक क्रमांक माझ्या वहीत टिपलेला आहे, हार्टली हॉलच्या टिपणांखालीच. अजून उत्तर आलेले नाही. ती मुले दर सोमवारी जाऊन विचारतात, आणि विचारून आले की मित्राला गॅरेजवर सांगून जातात.