शृंगारून काढणें

इंग्रजी क्रियापदांच्या मागें लागणारीं तीं इवलालीं शेपटें, अप्, आउट्, ऑफ्, ऑन्, यांनीं आम्हांस आयुष्यभर छळलें आहे. परभणीच्या एका शाळेंत तीस वर्षें आम्हीं इंग्रजी शिकविलें. परंतु 'गिव्ह' म्हणजे देणें, तर 'गिव्ह अप्' म्हणजे सोडून देणें असें कां, याचें समाधानकारक उत्तर एकाहि विद्यार्थ्याला आम्हांस देतां आलें नाहीं. कोणी फारच खोदून विचारलें तर आम्ही मराठीकडे बोट दाखवीत असूं. झोडणें निराळें आणि झोडून काढणें निराळें. पिंजणें निराळें आणि सारा गांव पिंजून काढणें निराळें. या 'काढण्यां'त नक्की काय बाहेर काढलें जातें, हें आपण तरी कधीं पुसतों? मुलें हंसत, घंटा होई, आणि आमची अब्रू त्या दिवसापुरती वांचे.

सेवानिवृत्तीनंतर तरी हीं शेपटें आमचा पिच्छा सोडतील अशी आशा होती. गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशीं मानवत तालुक्यांतील आमच्या गांवीं ती धुळीस मिळाली.

आमचे थोरले बंधू वारले त्यास आतां चार वर्षें होतील. शेत पुतण्याच्या नांवावर चढलें, आणि त्यानें दोन वर्षें बैलांवर काढून तिसऱ्या वर्षीं कडब्याच्या भावापुढें हात टेकले. लाल कंधारी जातीची ती जोडी होती. नांदेडकडील कंधारावरून नांव पडलेली ही गडद तांबूस जनावरें आमच्या भागांतील काळ्या, चिकट जमिनीला पुरून उरतात. जोडी बाजारांत गेली आणि कर्ज काढून ट्रॅक्टर दारांत आला. वहिनींनीं त्या रात्रीं स्वयंपाक केला नाहीं, एवढेंच आमच्या कानांवर आलें होतें.

ज्यानें पोळा पाहिला नाहीं त्याला बैल सजविणें म्हणजे काय हें सांगून कळावयाचें नाहीं. आदल्या दिवशीं खांदेमळणी. वर्षभर जूं वाहून निबर झालेल्या खांद्यांस हळद आणि तूप चोळतात, आणि चोळणारा माणूस तेवढा वेळ कोणाशीं बोलत नाहीं. निदान आमचे बंधू तरी बोलत नसत. श्रावणी अमावास्येला पहांटे नदीवर आंघोळ, मग शिंगें साळून त्यांस हिंगूळ, त्यावर बेगड, टोकांना पितळी शेंब्या. कपाळाला बाशिंग, गळ्यांत घागरमाळ आणि कवड्यांची माळ, नवी वेसण, नवा कासरा, आणि पाठीवर झूल. आमच्या घरची झूल आमच्या आईनें जुन्या लुगड्यांचे कांठ लावून शिवलेली आहे. ही सारी तयारी घरांतील कर्त्या पुरुषाची. पोरांनीं फक्त गोंडे धरून उभें राहावयाचें.

या खेपेस आम्ही वाड्यांत पाऊल टाकलें तों गोठ्यासमोर ट्रॅक्टर उभा. मोठ्या चाकांना चकचकीत पट्ट्या, टपाला निळ्या दिव्यांची रांग, आसनामागें दोन कर्णे, बॉनेटवर झेंडूची दुहेरी माळ. (मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या ५२ व्या कलमाला वाहनांतले फेरफार फारसे मानवत नाहींत, पण पोळ्याच्या आदल्या दिवशीं खेड्यांत कलम वाचणार कोण?) पुतण्या आम्हांस पाहून आनंदानें पुढें आला.

"काका, बघा की! कसा पिंप केलाय!"

"काय केलंस?"

"पिंप. पिंप आउट. इंग्लिशच आहे की, तुम्हाला म्हाईत नाही?"

मराठींतल्या 'करणें' या दांडग्या क्रियापदापुढें इंग्रजीचें शेपूट कसें गळून पडतें, याचें कौतुक करावयास आम्हांस त्या वेळीं उसंत नव्हती. कारण ट्रॉलीच्या मागच्या फळीवर गांवचा पेंटर उकिडवा बसला होता. पांढऱ्या रंगावर खडूनें त्यानें इंग्रजी अक्षरें आंखलीं होतीं: 'पिंप्ड आउट बाय', आणि खालीं पुतण्याचें नांव. पहिला शब्द लाल ऑइलपेंटनें भरूनहि झाला होता. तेवढ्यांत वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"भावजी, काय लिव्हलंय हो त्यात?"

"शिणगारला, असं लिहिलंय, वहिनी."

त्या समाधानानें आंत गेल्या. आम्ही मात्र ओट्यावर बसून राहिलों.

आम्ही बोललों तें खोटें नव्हतें. त्या क्रियापदाचा आजचा अर्थ शब्दकोशांत हाच दिला आहे: भपकेदारपणें सजविणें. परंतु ज्या नामापासून तें निघालें तें आमच्या आठवडी बाजारांत शिवी म्हणून ऐकूं येतें. बायकांच्या देहाचा सौदा जुळवून त्यावर पोट भरणारा जो इसम, त्याचें तें नांव. सतराव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजींत तें याच अर्थानें चालत आलें. पुढें अमेरिकेंतील शहरांत अशा माणसांचे भडक पोशाख आणि मोटारी लोकांच्या डोळ्यांत भरूं लागल्या, १९७० नंतरच्या चित्रपटांनीं त्यांस झळाळी दिली, आणि २००४ ते २००७ या काळांत 'पिंप माय राइड' नांवाच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमानें जुन्या मोटारी नटवून दाखवीत हें क्रियापद जगभर पोंचविलें. तेथून फोनच्या पडद्यावरून तें आमच्या गोठ्यापर्यंत आलें. वाटेंत त्याची जुनी ओळख कोठें गळून पडली, हें पुतण्याला कोण सांगणार?

आमच्या मनानें प्रथम सोयीची बाजू घेतली. आपल्याकडील शब्द तरी कोठें सोंवळे आहेत? नटविणें म्हटलें कीं नट आला, आणि 'नटवी' म्हणतांना आपल्या ओठाला मुरड पडतेच. मढविणें तेवढें निरुपद्रवी, म्हणजे झांकणें; इंग्रजींतील 'डेक आउट'मधला 'डेक'हि डच भाषेंतून आला तो आच्छादण्याचाच अर्थ घेऊन. आणि शृंगार? भरतमुनींच्या आठ रसांतला तो पहिला, आणि त्याचा स्थायीभाव रति. तरीहि आपण देव शृंगारतों, हत्ती शृंगारतों, बैल शृंगारतों, आणि कोणाच्याहि मनांत भलतें कांहीं येत नाहीं. मग त्या बिचाऱ्या इंग्रजी शब्दालाच काय म्हणून अडवावें? आणखी पन्नास वर्षांनीं तोहि असाच निर्मळ होईल.

हा युक्तिवाद आम्हांस थोडा वेळ फार आवडला. पण त्यांत एक खोट होती आणि ती लपेना. शृंगाराच्या मुळाशीं दोन माणसांची ओढ आहे. त्या दुसऱ्या शब्दाच्या मुळाशीं एका माणसानें दुसऱ्याची केलेली विक्री आहे. दोन्ही शब्द धुतले गेले म्हणून दोघांवरचा डाग एकच होता असें नाहीं. शिवाय, ज्या आंगणांतून बैल विकले गेले त्याच आंगणांत हा शब्द लाल अक्षरांत उभा राहावा, आणि तो ओळखणारा सबंध गांवांत एकटा आमच्यासारखा मास्तर असावा, ही गोष्ट आमच्यानें गिळवेना.

आणि आम्हांला इंग्रजी आलें तरी कसें? बंधूंनीं सातवींत शाळा सोडली आणि नांगर धरला. आमची परभणीची खोली, पुस्तकें, परीक्षेची फी हीं सारीं या जोडीच्या आधीच्या जोडीनें आणि तिच्या आधीच्या जोडीनें ओढून आणलीं. बंधूंनीं तें कधीं बोलून दाखविलें नाहीं. त्यांनीं आमच्या इंग्रजीचा उपयोग दोनदांच करून घेतला: एकदां औषधाच्या बाटलीवरील कागद वाचावयास, आणि एकदां बियाण्याच्या पिशवीवरील.

आम्ही उठलों आणि पुतण्याला गोठ्याच्या मागें नेलें. जें सांगावयाचें तें थोडक्यांत, मराठींत सांगितलें. तो खालीं पाहत राहिला. कान लाल झाले होते.

"आईला सांगितलं का हे?"

"नाही."

"नका सांगू."

तो तसाच पुढें आला आणि पेंटरवर ओरडला, "थांब रे! थिनर आण!" पेंटरनें पुसण्याचे आणि पुन्हां लिहिण्याचे असे निराळे पैसे मागितले, आणि त्यावर बरीच घासाघीस झाली. मग पुतण्या आमच्याकडे वळला.

"मग काय लिहू आता? तुम्ही इंग्लिशचे मास्तर."

आम्हीं मोठ्या उमेदीनें 'डेक्ड आउट बाय' सुचविलें. त्यानें तें दोनदां तोंडांत घोळवून पाहिलें.

"ह्यात दम नाही, काका."

खरेंच नव्हता. शेवटीं पेंटरनेंच वाद मिटविला. पंचक्रोशींतील निम्म्या ट्रॉल्यांवर तो जें लिहितो तेंच त्यानें पुसट झालेल्या फळीवर लिहून टाकलें: 'आई-वडिलांची पुण्याई'.

दुसऱ्या दिवशीं मारुतीच्या देवळासमोर तोरण बांधलें गेलें. खालीं जेमतेम सात-आठ जोड्या उभ्या होत्या. आमच्या लहानपणीं त्यांची रांग वेशीबाहेर जाई. मानाचा बैल पुढें होता, मंगलाष्टकें झालीं, तोरण तुटलें, आणि बैलांच्या मागून ट्रॅक्टर कर्णे वाजवीत देवळाला फेरी घालून आले. आमचा घरीं परतला तेव्हां वहिनी पुरणपोळीचें ताट घेऊन दारांत उभ्या होत्या. त्यांनीं बॉनेटला कुंकू लावलें, नैवेद्य दाखविला. मग आंतून ती जुनी झूल आणली. ती बॉनेटला फार रुंद झाली. दोन्ही कडांना लोंबूं लागली. पुतण्यानें ती कासऱ्यानें आवळून बांधली.

मग त्या मागच्या बाजूला गेल्या. पेंटरनें पांढऱ्याचा एकच हात दिला होता, आणि उन्हांत त्याच्याखालून लाल अक्षरांची सावली अजून उमटत होती. वहिनींनीं त्यावरून बोट फिरविलें.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुमचं ते शिणगारला अजून दिसायलंय की."